खणाखणाने वाढलेलं घर

वडखळ सोडून पेणकडे येताना रस्त्याच्या कडेला फलकांची रांगच आहे. डोंगर, झाड, झोपाळ्यावरचं बाळ आणि खाली मोठ्या अक्षरांत किंमत. त्यातल्या एका फलकाने माझ्या भाच्याला पकडलं. 'बजेटमधलं स्वतंत्र घर. पुढे वाढवण्यास वाव.' मुंब्र्यात दहा वर्षं भाड्याने राहणारा पोरगा, तीन वेळा घर बदलून झालेलं, बायको शाळेत शिकवते, दोन मुलं. त्याला किमतीपेक्षा ती दुसरी ओळ जास्त भावली. म्हणाला, "मामू, आता एक खोली आणि स्वयंपाकघर घेतो. जमेल तसं वाढवीन."

फोन त्याने माझ्यासमोरच लावला. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. आडनाव ऐकून पलीकडचा आवाज अगदी मोकळा होता. साहेब कधी येताय, गाडी पाठवतो, लोनचं आम्ही बघतो. मग पहिलं नाव विचारलं गेलं. दोन सेकंद शांतता. "त्या फेजचं बुकिंग फुल झालंय. काही निघालं तर कळवतो." फोन ठेवल्यावर भाचा हसला. या हसण्याची त्याला सवय आहे. मला अजून झालेली नाही.

त्या फोनबद्दल लिहायला मी बसलो नव्हतो. असे फोन वाचकांपैकी अनेकांनी केलेत. पण 'पुढे वाढवण्यास वाव' हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण मी ज्या घरात लहानाचा मोठा झालो ते घर म्हणजे दुसरं काय होतं?

माझं आजोळ अष्टमीचं. कुंडलिका नदीच्या एका तीराला अष्टमी, दुसऱ्या तीराला रोहा. नगरपालिका दोघांची मिळून एकच. नानांनी घर बांधलं तेव्हा ते दोन खणांचं होतं. ज्यांना खण म्हटल्यावर चोळीचा खण आठवतो त्यांच्यासाठी सांगतो: दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. कोकणात घराचं माप चौरस फुटात नव्हतं, खणात होतं. अमक्याचं घर पाच खणांचं म्हटलं की ऐकणाऱ्याला त्या माणसाची ऐपत, कुटुंबाचा आकार आणि सोयरिकीचा अंदाज एकदम येई. जोतं काळ्या दगडाचं, भिंती मातीच्या, वर कौलं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे चूल. एवढंच.

मग घर वाढत गेलं. मोठ्या मामूंचं लग्न ठरलं तेव्हा मागची पडवी उतरवली. पडवी 'उतरवतात' हा शब्दच किती नेमका आहे! मूळ छपराचा उतार तसाच खाली ओढायचा, चार खांब रोवायचे, कुडाची भिंत घालायची; मूळ घराला हातही लागत नाही. पुढे त्याच कुडाच्या जागी वीट आली. धाकटे मामू बोटीवर लागले, तेव्हा बाजूला एक खण वाढला. ते वर्षातून एकदा येत आणि येताना एक खोकं आणत. त्या खोक्यातून कधी घड्याळ निघे, कधी सिमेंटचे पैसे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतून माणसं आखाताकडे निघाली. मधले मामू कुवेतला गेले. ऐंशीच्या दशकात आमच्या ओटीवर स्लॅब पडला. मागे कौलं, पुढे स्लॅब, असं ते घर बरीच वर्षं अर्धं जुनं अर्धं नवं उभं होतं. श्रीवर्धन, म्हसळा, महाड, कुठल्याही मोहल्ल्यात जा, अशी घरं दिसतील. बाहेरच्यांना ती बेढब वाटतात. मला त्यांत वर्षं मोजता येतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी.

वाटणीही खणांनीच झाली. आपल्या कायद्यात बापाच्या हयातीत मुलांचा घरावर हक्क उभा राहत नाही. एकत्र कुटुंबाची वडिलार्जित मिळकत ही कल्पनाच नाही. नाना गेले त्या दिवशी वारसा उघडला, आणि मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आला. माझ्या अम्मीच्या वाट्याला हिशेबाने एका खणापेक्षा थोडं कमी येत होतं. तिने ते घेतलं नाही. कोकणातल्या कितीतरी बहिणी घेत नाहीत, आणि ते नेहमी खुशीनेच असतं असं मला वाटत नाही. माहेरचं दार उघडं राहावं याची ती किंमत असते. कुराणाने दिलेला हिस्सा माजघरातल्या लाजेपायी सुटतो, यावर आपण फारसं बोलत नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

मुद्दा असा की त्या घरावर कधीही कर्ज नव्हतं. नाना व्याजाच्या पैशाला हात लावत नसत, म्हणून तर खरंच. पण व्याज चालणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्यांनाही घरासाठी कर्ज कुठे मिळत होतं? सामान्य पगारदाराला घर तारण ठेवून दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी संस्था म्हणून एचडीएफसी निघाली ती १९७७ साली, हसमुखभाई पारेखांच्या प्रयत्नातून. त्याआधी सरकारी नोकर, सहकारी सोसायट्या आणि विमा महामंडळाचे पॉलिसीधारक सोडले तर बाकीचा देश साठेल तसं बांधत होता. गंमत पाहा, १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं ते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, आणि ते रोह्याचे. जन्म महाडजवळच्या नाते गावी, पण बालपण रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नदीच्या त्या तीरावर वाढलेल्या माणसाने देशाचा व्याजदर सांभाळला, आणि या तीरावर माझ्या नानांनी व्याज उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दोघंही आपापल्या जागी हिशेबाला पक्के.

मला वाटतं, वाढणारं घर ही गरिबाची बिनव्याजी वित्तसंस्थाच होती. पैसा आला की भिंत, नाही आला की थांबा. थांबल्याचा दंड नाही, हप्ता चुकला म्हणून जप्ती नाही. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागे: पंधरा वर्षं गळकी पडवी, आणि एका माजघरात तीन जोडपी. नानी सांगे, घर एकदम होत नाही, लेकरासारखं होतं. ऐकायला गोड आहे, पण ती त्या पंधरा वर्षांत ओल्या भिंतीला पाठ लावून झोपली आणि जन्मभराचा दमा घेऊन गेली, हेही त्याच वाक्यात आहे.

ही साधी रीत शहर रचणाऱ्यांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. मुंबई दक्षिणेकडून उत्तरेकडे एका रेषेत फुगत चालली होती. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली आलं, मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले असताना. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा हा कोकणी मुसलमान. जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीचं नाव कोणी दिलं, हे आजच्या शंभर तरुणांना विचारून पाहा.

त्याच सुमारास, १९८३ ते १९८६ च्या दरम्यान, कोरियांनी बेलापूरला सिडकोसाठी एक वसाहत केली. सुमारे ६ हेक्टर जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. गरिबाचा आणि मध्यमवर्गीयाचा भूखंड यांत एवढाच फरक, ही त्यातली मोठी गोष्ट. घरं तेव्हाच्या २० हजारांपासून १ लाख ८० हजारांपर्यंतची. सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. असं करत करत पाखाडी, मोहल्ला, बाजार. आणि मुख्य म्हणजे एका घराची भिंत दुसऱ्या घराला लागलेली नाही. का? तर प्रत्येकाला शेजाऱ्याची परवानगी न मागता आपलं घर वाढवता यावं. बांधकामही असं साधं की गावचा गवंडी करील. मी पहिल्यांदा तो नकाशा पाहिला तेव्हा मला नानांची पडवीच दिसली. फरक एवढा की इथे ती आधीपासून कागदावर धरलेली होती.

आज तिथे गेलात तर मूळ घरं शोधावी लागतात. उतरती छपरं गेली, दोन-तीन मजले चढले, काही ठिकाणी जुनं घर पाडून भूखंडभर काँक्रीट उभं आहे. बरेच जण हे पाहून हळहळतात, कोरियांची कल्पना फसली म्हणतात. मी म्हणत नाही. वाढवा म्हणून दिलेलं घर लोकांनी वाढवलं. आर्किटेक्टच्या आवडीप्रमाणे वाढवलं नाही, एवढंच.

खरा अन्याय त्या वसाहतीच्या आसपास झाला. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण निघालं. शेतं गेली तरी गावठाणं राहिली होती. पण गावठाणाची हद्द होती तिथेच गोठली, आणि घरातली माणसं मात्र वाढत होती. मुलाचं लग्न झालं, आगरी-कोळी बापाने गोठ्याच्या जागी खोली काढली, नातवंडं झाली, वर मजला चढवला. पिढ्यान्‌पिढ्या असंच तर केलं होतं! या वेळी मात्र त्या खोलीवर नोटीस आली: अनधिकृत. 'गरजेपोटी बांधलेली घरं' असा एक शब्दप्रयोगच त्यातून सरकारी भाषेत रुळला, आणि ती नियमित करण्याचे निर्णय एकामागून एक सरकारं घेत राहिली. म्हणजे एकाच खाडीकाठी, एकाच काळात, आर्किटेक्टने आखलेलं वाढतं घर जगभरच्या पुस्तकांत गेलं आणि आगऱ्याचं वाढतं घर न्यायालयात. यात कोणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे नकाशा आहे त्याची वाढ म्हणजे विकास आणि ज्याच्याकडे नाही त्याची वाढ म्हणजे अतिक्रमण, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

या बाबतीत मला एक उदाहरण फार आवडतं, आणि ते शेजारच्या देशातलं आहे म्हणून आपल्याकडे कोणी सांगत नाही. सिंधमधल्या हैदराबादेत, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, तिथल्या विकास प्राधिकरणाचे प्रमुख तस्नीम सिद्दीकी यांनी पाहिलं की सरकारी भूखंड गरिबांच्या नावाने निघतात आणि दलालांच्या खिशात जातात, तर गरीब मात्र बेकायदा वस्ती वसवणाऱ्याकडे जातो. का जातो? कारण तो आज जागा देतो, आज राहायला देतो, आणि पैसे हप्त्याहप्त्याने घेतो. सिद्दीकींनी तीच रीत उचलली. घर हवंय ना, मग बायकामुलं आणि भांडीकुंडी घेऊन या. आधी काही दिवस तळावर राहा. ज्याला खरंच छप्पर हवं होतं तो राहिला. ज्याला भूखंड पडून ठेवून विकायचा होता तो परत गेला. थोडी रक्कम भरून जागा, सुरुवातीला सार्वजनिक पाणी, बाकी नळ-गटार-रस्ता हप्ते जमतील तसे. घर कसं बांधावं याची सक्ती नाही. चटईचं बांधा, मातीचं बांधा. वस्तीचं नाव 'खुदा की बस्ती'. १९९५ साली या योजनेला आगाखान वास्तुरचना पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तो बाळकृष्ण दोशींच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीलाही मिळाला. तीही वाढत्या घरांचीच: जोतं, संडास-न्हाणी आणि एखादी खोली द्यायची, बाकी रहिवाशावर सोडायचं. एकाच वर्षी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच विचाराला एक बक्षीस! पुढे २००४ च्या सुमारास चिलीमधल्या इकिके शहरात आलेखांद्रो अरावेना यांनी अर्धं घर बांधून दिलं, उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली, आणि २०१६ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. अष्टमीतल्या गवंड्याला हे सगळं दाखवलं तर तो विचारेल, यात नवीन काय?

आता पेण. पेणला उपनगर म्हणावं का? गणपतींचं गाव, पोह्यांचं गाव. १८६३ सालचं बेने इस्रायलींचं सिनेगॉगही इथेच आहे, आणि पेणकर, रोहेकर ही आडनावं हिंदू, मुसलमान, यहुदी तिघांत सापडतात. फोनवरच्या त्या माणसाला आडनावावरून काही कळलं नाही, त्याचं कारण हा इतिहास आहे. तर ते गाव रेल्वेने बदललं. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकात आला, रूळ आपट्यापर्यंत येऊन बरीच वर्षं थांबले आणि १९८६ साली रोह्याला पोचले. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. आता मेमू धावते, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांमध्ये नवं शहर वसवण्याची अधिसूचना निघाली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. पेणच्या शेतकऱ्याला अशा घोषणांची सवय आहे. इथेच महामुंबई सेझ येणार होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने त्यावर लोकांचं मत घेतलं होतं. देशात असं क्वचितच घडलं असेल. सेझ आला नाही. फलक मात्र तेव्हापासून उतरलेले नाहीत.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते इथेही लिहितो. पेणच्या पश्चिमेला बरीच जमीन खारी आहे. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेली. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी शेतात. तिथे भराव टाकून भूखंड पाडले असतील तर एजंटाला विचारू नका, गावच्या म्हाताऱ्याला विचारा की पाणी कुठवर येतं. दुसरं, शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहज विकत घेता येत नाही. सातबारा आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा. सातबाऱ्यावर दहा नावं आणि तुमच्या हाती त्यातला एक अविभक्त गुंठा, असं असेल तर घर वाढवणं दूरच, आहे तेही तुमचं ठरवताना नाकी नऊ येतील. आणि 'वाढवण्यास वाव' म्हणजे नेमकं काय, हे लिहून मागा. जोतं किती मजल्यांचा भार घेईल? मंजूर नकाशात वरचा मजला दाखवलाय का? बाजूला सोडलेली जागा तुमची की सामाईक? नानांना यातलं काही विचारावं लागलं नव्हतं. जागा त्यांची होती, गवंडी ओळखीचा होता आणि शेजारी पलीकडच्या ओटीवरून बघत होता.

फलकाचा नाद सोडून आम्ही एका रविवारी नागोठण्याला उतरलो. तिथल्या अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे, चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी १५८० साली बांधलेला. अरुंद आहे, समोरासमोर दोन बैलगाड्या निघणार नाहीत. भाच्याच्या पोराने कठड्यावर चढायचा प्रयत्न केला, त्याच्या आईने कान धरला. काझीसाहेबांनी पुलावरून जाणाऱ्याचं नाव विचारायला कोणाला बसवलं होतं का, असं मी म्हटलं. भाचा हसला, पण या वेळी जरा वेगळं.

घर नागोठणे आणि रोह्याच्या मधल्या एका गावात होतं. मालक आगरी, सत्तरीचे, बनियनवर ओटीवर बसलेले. नाव विचारलं, सांगितलं. "कुठले?" "अष्टमीचे. आजोळ." "मग पाहुणे कसले, बसा." चहा आला. दोन खोल्या, मागे न्हाणी, बाजूला एका खोलीपुरती जागा, पलीकडे शेवग्याचं झाड. कागद गावठाणातले. भाव फलकापेक्षा थोडा जास्तच सांगितला, हेही लिहिलं पाहिजे. भाच्याच्या बायकोने चूल, ओटा, पाणी असं सगळं बघून घेतलं आणि शेवग्याखाली उभी राहून काही मोजत होती.

गच्चीवर गेलो. कोपऱ्यांतून आणि मधून खांबांच्या सळया हातभर वर आलेल्या, गंजलेल्या. पाया दोन मजल्यांचा घेतला होता, म्हातारे म्हणाले. दोन पोरगे, दोन मजले. एक ठाण्याला गेला, एक पुण्याला. "कापून टाका म्हणतात लोक, खराब दिसतं. मी ठेवल्या." प्रत्येक खांबावर त्यांनी प्लास्टिकची बाटली उलटी घातली होती, पावसाचं पाणी सळईवरून आत उतरू नये म्हणून.

भाच्याने एका खांबावरची बाटली काढली, गंज बोटाने खरवडून पाहिला, आणि परत बसवली. मग त्याने विचारलं, "चाचा, गवंडी कोण होता? अजून काम करतो का?"